तुतीच्या वाइनची वीस मिनिटं

मित्रांनो, मी एक जुनी सुरई. काचेची, लांब मानेची आणि एका खांद्याने जराशी उतरलेली. मला फुंकून घडवताना कारागिराला ऐन वेळी शिंक आली. खरं तर त्याने मला परत भट्टीत टाकायला हवं होतं, पण तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली आणि मी वाचले. दुकानात मला मागच्या फळीवर, डागी मालात ठेवलं होतं. तिथून मला उचललं ते चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या एका बाईंनी. मला उजेडासमोर धरून त्या म्हणाल्या, "वाकडी असू दे. नजर स्वच्छ आहे हिची." माझं आजवरचं सगळ्यात मोठं कौतुक तेच.

बाईंना सगळे ताई म्हणत. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी त्यांच्याकडे चौघं जेवायला यायची: एक नर्स, एक छापखानेवाला, एक जमिनीची मोजणी करणारा मोजणीदार आणि त्याची बायको. तिला सगळे वहिनी म्हणत. प्रत्येक वेळी कुणीतरी एकाने दुकानात सहसा न मिळणारी, जुनी वाइन आणायची. कधी मधाची, कधी सफरचंदाची, कधी कशाची आहे तेच कळायचं नाही. छापखानेवाल्याने आणलेली एक चाखून नर्स म्हणाली होती, "हे जखमेवर लावायचं असतं रे, प्यायचं नसतं." तरी बाटली रिकामी झालीच.

जुन्या वाइनच्या तळाशी गाळ बसतो. म्हणून ताई सकाळपासून बाटली उभी ठेवायच्या. संध्याकाळी तिच्या मानेमागे मेणबत्ती लावून ती हळूहळू माझ्यात ओतायच्या. गाळाचा पहिला धागा मानेपाशी दिसला की हात थांबायचा. पण फार जुनी वाइन नाजूक असते. हवा लागली की वीसेक मिनिटं खुलते आणि मग विझत जाते. आणि या मंडळींचा नियम असा, की सगळे बसल्याशिवाय कुणी पेल्याला ओठ लावायचा नाही.

मग वहिनी गेल्या. दोन वर्षं मोजणीदार एकटाच येत राहिला. वहिनी दर उन्हाळ्यात अंगणातल्या तुतीची वाइन करायच्या. त्यातली अठरा वर्षांची एकच बाटली घरात उरली होती. एका शनिवारी सकाळी त्याने ती ताईंच्या दुकानात आणून दिली. "आज उघडू या," एवढंच म्हणाला आणि खुर्चीवर न टेकता निघून गेला.

मोजणीदार वेळेचा इतका पक्का, की त्याला बघून शेजारी घड्याळ लावायचे. म्हणून सातला पाच कमी असतानाच ताईंनी मेणबत्ती लावली. वाइन माझ्यात उतरली. आधी गप्प होती. मग हळूहळू तिने श्वास घेतला, आणि माझ्या काचेला असं काही भरून आलं की मी एवढ्या वर्षांत तसं अनुभवलं नव्हतं.

सात वाजले. सव्वासात झाले.

"फोन उचलत नाहीये," नर्स म्हणाली. "कोपऱ्यापर्यंत बघून ये रे."

छापखानेवाला जाऊन आला. "बसस्टॉपवर कुणी नाही. ताई, तू ओत. वाइन जायला लागेल."

"त्याच्या बायकोची बाटली त्याच्याशिवाय प्यायची? घशाखाली उतरेल तुझ्या?" ताईंनी विचारलं.

"नाही उतरणार," तो म्हणाला आणि खाली बसला.

मला ओरडावंसं वाटत होतं. माझ्यातून ती कणाकणाने निघून चालली होती. ताई दोनदा माझ्यापाशी आल्या, मानेशी नाक नेलं आणि मागे सरकल्या.

आठ वाजून दहा मिनिटांनी बेल वाजली. मोजणीदार दारात उभा राहिला. त्याने आधी मला पाहिलं, भरलेली.

"तुम्ही प्यायला नाहीत?"

"नियम आहे ना," ताई म्हणाल्या.

अंगातला कोटही न काढता तो बसला. "दोनदा गल्लीच्या तोंडाशी येऊन परत फिरलो. म्हटलं, तुम्ही ही संपवाल, मग जाऊ. शेवटची बाटली संपताना मला बघायची नव्हती."

"गाढवा," छापखानेवाला हळूच म्हणाला. "आणि आम्ही इथे उपाशी."

ताईंनी ओतली. पेल्यांत रंग होता, पण धुवून काढल्यासारखा. सगळ्यांनी एकेक घोट घेतला.

"छान आहे," नर्स म्हणाली. तिने कुठल्याही वाइनला आजवर छान म्हटलं नव्हतं. त्यामुळे सगळ्यांना काय ते कळलं.

"गेलीय ही," मोजणीदार म्हणाला. मग रडता रडता हसला. "ती असती तर चांगली बोलली असती मला."

"आधी तुला, मग आम्हाला," ताई म्हणाल्या आणि त्याचा पेला पुन्हा भरला. सगळ्यांनी मिळून शेवटच्या थेंबापर्यंत ती संपवली.

पुढे ताईंचे हात थरथरायला लागले, शनिवार थांबले. आता मी त्यांच्या भाचीच्या कपाटावर असते. माझ्या पोटात सुटी बटणं आणि दोन वाळलेली पेनं आहेत. भाची आठवणीने धूळ पुसते, तिला नावं ठेवणार नाही मी.

मित्रांनो, काचेला कोमट पाणी पुरतं, ते जमेल तेव्हा घाला. पण मागणं वेगळंच आहे. कुणी जपलेलं काही तुमच्या हाती दिलं, तर ते जिवंत असताना वाढा. येणाऱ्याचा पेला भरून ठेवा, पण आलेल्यांना कोरडं बसवू नका. आणि उशीर करणारे तुम्हीच असाल, तर गल्लीतून परत फिरू नका. रडायचं असेल तर आत येऊन रडा. त्या वीस मिनिटांत वहिनींची तुती कशी होती, हे साऱ्या जगात मला एकटीला ठाऊक आहे, आणि मला ते सांगता येत नाही. मला फक्त ओतता येतं, आणि तेव्हा मला कुणी उचललं नाही.