जागा खाली केली

माझी उत्कर्षा आकडीनं जमिनीवर ताठ झाली होती, आणि फोन मला सांगत होता की जागा शिल्लक नाही. व्हिडिओ काढता येणार नाही, नको असलेल्या गोष्टी काढून टाका. एका हातानं पोरीला कुशीवर धरलेलं, दुसऱ्या हातात तो फोन. भिंतीवर आपटावासा वाटला. आपटला नाही, कारण नवा घ्यायचा तर नवऱ्याला विचारावं लागलं असतं, आणि नवऱ्याला त्याच्या वडिलांना.

उत्कर्षा सात वर्षांची आहे. आकड्या गेल्या वर्षी सुरू झाल्या. पिंपरीच्या दवाखान्यातल्या मॅडमनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, "तुम्ही तोंडी सांगता ते ठीक आहे, पण मला बघायचंय. सुरुवात कुठल्या हातापासून होते, मान कुठे वळते. दर वेळी व्हिडिओ काढा. त्यावरून गोळी ठरवायचीय." तेव्हापासून मी काढतेय. सोपं नाही ते. लेकरू झटके देतंय आणि आई फोन धरून बसलीय, हे बघणाऱ्याला कसं दिसतं ते मला चांगलं ठाऊक आहे. रविराजनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, एकदाच काढला होता, तो काळाकुट्ट निघाला. कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीवाले कॅमेऱ्यावर स्टिकर चिकटवतात, ते काढायलाच हे विसरले होते. व्हिडिओभर नुसता माझ्या ओरडण्याचा आवाज.

आमच्या घरात फोन तीन आणि आयडी एक. पिंपरी कॅम्पात अजिमचं मोबाईलचं दुकान आहे. तिथून फोन घेतले तेव्हा त्यानंच तिन्हींत एकच आयडी टाकून दिला. "घरचेच तर आहात, ताई. एकच पासवर्ड, डोक्याला ताप नाही." त्यामुळे आम्हा तिघांचे फोटो वर इंटरनेटवर एकाच ठिकाणी जाऊन पडायचे. माझा फोन सारखा भरतो म्हणून व्हिडिओ वर चढला की फोनमधली प्रत तेवढी काढायची, वरची तशीच ठेवायची, हेही त्यानंच शिकवलेलं. आता वरचीही जागा भरली होती. म्हणून काही वर चढेना, आणि वर चढेना म्हणून फोन रिकामा होईना. भरली होती कशानं? आबांच्या 'शुभ सकाळ'नी. सूर्य, गुलाब, वाफाळता चहा, पुन्हा गुलाब.

आबा म्हणजे माझे सासरे, चिमाजी. आमच्या महाळुंग्यात कंपन्या आल्या तशा त्यांनी घरामागे खोल्यांची रांग बांधली आणि कामगारांना भाड्यानं दिल्या. घर आबांच्या शब्दावर चालतं. म्हणून मी जेवताना विषय काढला.

"महिन्याला थोडे पैसे भरले की वरची जागा वाढवून मिळते."

"येकदाच भरायचं?"

"नाही, दर महिन्याला."

आबांनी हातातला घास ताटात ठेवला. "म्हंजी भाडं झालं की गं ते! फोटूला भाडं?"

हे कोण बोलत होतं? दर दिवाळीला भाडं वाढवणारा माणूस! भिंतीत एक खिळा ठोकला म्हणून भाडेकरूच्या डिपॉझिटमधून पैसे कापणारा माणूस! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी रविराजकडे पाहिलं. ते डाळीत भाकरी कुस्करत होते, जणू त्या ताटात कुणाचा तरी जीव अडकला होता.

"बघू," ते म्हणाले. "आबा म्हणतात ते पण बरोबर आहे, विजू. एकदा लागलं की सुटत नाही असलं काही."

"मग आधी त्या शुभ सकाळ तरी पुसा, आबा."

"त्या कशा पुसायच्या? पाव्हण्यांनी धाडल्यात. पुसल्या न् त्यास्नी कळलं मंजी? मानपान हाय का न्हाई?"

पाहुण्यांना कसं कळेल ते मी समजावलं नाही. माझा तेवढा धीर नव्हता. महिनाभर हाच विषय चालला. मी काढायचा, आबांनी हसण्यावारी न्यायचा, नवऱ्यानं बघू म्हणायचं.

मग मंगळवारी मॅडमकडे जायची पाळी आली. उत्कर्षाला मांडीवर घेऊन बसले. मॅडम म्हणाल्या, "या गोळीनं फरक दिसत नाही. बदलावी लागेल असं वाटतंय. व्हिडिओ दाखवा."

मी फोन उघडला. एकही व्हिडिओ नव्हता. खाली गेले, वर आले. दिवाळीचे फोटो होते, नव्या मोटारसायकलला हार घातल्याचा फोटो होता, गुलाब होते. माझ्या पोरीचं वर्षभराचं दुखणं तेवढं कुठेच नव्हतं. मॅडम समजुतीच्या बाई आहेत, पण म्हणाल्या, "न बघता मी गोळी बदलणार नाही. चुकीची पडली तर आकड्या वाढतील. पुढच्या मंगळवारी या." बाहेर आले तेव्हा मला रडू यायला हवं होतं, पण मला फक्त संताप येत होता. आणखी आठवडाभर माझी पोरगी तीच निरुपयोगी गोळी गिळणार होती.

तशीच अजिमच्या दुकानात शिरले आणि गिऱ्हाइकांसमोर त्याला फैलावर घेतलं. "जागा भरली की तुमचं ते वरचं आपोआप पुसतं का? पैसे भरले नाहीत म्हणून माझे व्हिडिओ खाल्ले का त्यांनी?"

"ताई, शांत व्हा. असं कधीच होत नाही." त्यानं फोन घेतला, दोन-तीन ठिकाणी दाबलं आणि म्हणाला, "हे बघा, कचरापेटीत आहेत. कुणीतरी हातानं डिलीट केलेत. नुसती फोनमधली प्रत नाही, वरचेच काढलेत. ते तिन्हींतल्या कुठल्याही फोनवरनं काढता येतं, आणि वरनं गेलं की सगळ्यांचंच जातं."

कचरापेटीत माझेच व्हिडिओ होते. सगळे. आणि दुसरं काहीही नव्हतं, एक गुलाबसुद्धा नाही. चुकून हात लागला असता तर दोन जातात, चार जातात, मध्येच एखादा सूर्य जातो. हे निवडून, वेचून काढलेले होते. कुणी काढले ते अजिमला विचारायची गरज नव्हती.

"परत येतील?"

"आले पण." त्यानं फोन पुढे केला. "उशीर केला असता तर कायमचे गेले असते."

मी पर्समधून पैसे काढले. "ती जागा आत्ता घेऊन दे. महिनाभर घरात त्यावरून भांडण चाललंय. माझ्या शिलाईचे पैसे आहेत, कुणाला विचारायचं नाही."

अजिमनं मान हलवली. "पैसे भरून काय होणार, ताई? जागा मोठी होईल, पण चावी तिघांकडेच राहील. परत कुणी काढले तर परत जातील. तुम्हाला आयडी वेगळा पाहिजे. नव्या आयडीला सुरुवातीची जागा फुकट असते. ती भरली तर बघा पैशाचं."

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही आधी जागेचं विचारलंच कुठे? घरातल्या घरात भांडत बसलात." खरं होतं ते, म्हणून आणखी राग आला. महिनाभर मी भाड्यासाठी भांडत होते आणि गोष्ट भाड्याची नव्हतीच. माझ्या पोरीच्या व्हिडिओंवर कुणाचा हात पोचतो, ही होती. अजिमनं नवा आयडी काढला, व्हिडिओ त्यात हलवले, जुना आयडी माझ्या फोनमधून काढला. पासवर्ड मी स्वतः टाकला, त्यालाही पाठ फिरवून उभं राहायला लावून.

घरी पोचले तेव्हा आबा ओट्यावर बसले होते. उत्कर्षाला आत पाठवलं आणि त्यांच्यासमोर उभी राहिले.

"व्हिडिओ तुम्ही पुसलेत?"

"पुसलं न्हाई. जागा खाली केली," आबा म्हणाले. "तूच म्हनत हुतीस ना, जागा भरलीया."

"आणि पहिली माझी पोरगीच दिसली बाहेर काढायला?"

"अगं, हळू बोल." त्यांनी मागच्या खोल्यांकडे पाहिलं. "चार फोनवर फिरलं मंजी? आकडीची पोर म्हनून नाव झालं की झालं. उद्या लगीन करायचं हाय तिचं."

"सात वर्षांची आहे ती! लग्नाला जगायला नको का आधी?" मी इतक्या मोठ्यानं ओरडले की मागच्या खोल्यांची दारं उघडली. "तुमचे पैसे वाचले, आबा. भाडं भरायचं नाही. पण इथून पुढे तिच्या दुखण्याला हात लावाल तर याद राखा." सासऱ्यांशी मी असं कधी बोलले नव्हते. बोलले, आणि मला बरं वाटलं.

तेवढ्यात आतून भांडं पडल्याचा आवाज आला.

मी धावले. उत्कर्षा मोरीजवळ पडली होती. तिला कुशीवर घेतलं, डोक्याखाली ओढणी सारली. आबा उंबऱ्यात आले. आकडी आली की हा माणूस नेहमी आधी पुढचं दार लावायचा आणि मग पाण्याची मोटर बघायला निघून जायचा. आजही त्यांचा हात दाराच्या कडीकडे गेला.

"दार राहू द्या!" मी फोन त्यांच्याकडे फेकल्यासारखा दिला. "धरा. दोन्ही हातांनी धरा आणि हात दाखवा तिचे. तुम्ही पुसलेत, तुम्हीच काढायचा."

"मला न्हाई गं बघवत."

"मला बघवतं?"

त्यांनी फोन धरला. माझे हात पोरीत अडकलेले, त्यांचे फोनमध्ये. दार सताड उघडं. मघाच्या आरडाओरड्यानं भाडेकरूंच्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या, मागून पुरुष डोकावले, आणि बघता बघता खोलीत अंधारून आलं. कुणीतरी विचारलं, "काय झालं, आबा?"

आबांनी फोनवरची नजर काढली नाही. ते कातावून ओरडले, "माझ्या नातीला आकडी आलीया, दिसत न्हाई व्हय? दारातनं बाजूला व्हा. उजेड येऊ द्या, डाक्टरला दावायचं हाय!"

माणसं झटकन बाजूला झाली. ती शांत होईपर्यंत आबांनी फोन खाली केला नाही.

माझा राग गेलेला नाही. इतक्यात जाणारही नाही. पण तो व्हिडिओ नव्या आयडीत आहे, डाव्या हातापासून सुरुवात झालेली त्यात स्पष्ट दिसते, आणि मंगळवारी मॅडमना तो मी आवाजासकट दाखवणार आहे.