कपारीवरचे चार तास

चालण्याचा तो पाचवा दिवस. समुद्राच्या कडेकडेनं बारा दिवस चालायचं खूळ सासऱ्यांचं, आणि सोबतीला जावई, कारण त्याला 'नाही' म्हणायला जमत नसे. अकरा वर्षं तो सासऱ्यांच्या चष्म्याच्या दुकानात काचा घासत होता, तेही असंच.

वाट कड्यावर चढत होती. सासरे म्हणाले, "उगाच चढ कशाला? खालून वाळूतून तासाभरात पलीकडे."

"बाबा, भरतीची वेळ बघितलीत?"

"जावईबापू, मी काय आज समुद्र बघतोय?"

अर्ध्यावर पोचले तर पुढं पाणी कड्याला भिडलेलं. मागं वळले तर मागचीही वाळू गेलेली. शेवटी एकमेकांना ढकलत दोघं पुरुषभर उंचीच्या कपारीवर चढले. जागा एवढीशी, की मांडीला मांडी लावूनच बसावं लागलं. फोनला रेंज नाही. पाठीला ओला कातळ, पायांखाली लाटा.

"चार तास बसावं लागेल," सासरे म्हणाले, जणू तसंच ठरलं होतं. आणि त्यांनी दुकानाचा विषय काढला. शेजारचा गाळा घ्यायचा, तिथं जावयानं बसायचं, म्हणजे पुढच्या वीस वर्षांची काळजी मिटली.

जावयानं खाली पाण्याकडे पाहिलं. उठून जायचं तर कुठं?

"बाबा, मला दुकान सोडायचंय."

लाट आपटली. "काय?"

"दुकान सोडायचंय!"

"काय?"

"सोडायचंय मला दुकान!" तो बेंबीच्या देठापासून ओरडला.

"ओरडू नका. पहिल्यांदाच ऐकू आलं होतं."

मग दोघं लाटा मोजत बसले. एक हलला की दुसऱ्याला सरकावं लागे. पाणी उतरू लागलं तेव्हा सासरे म्हणाले, "दुकान माझ्या सासऱ्यांचं. मला बोटीवर नोकरी करायची होती. तोंडातून शब्द फुटला नाही."

"मग मला तरी..."

"जा म्हटलेलं नाही मी."

संध्याकाळी पहिलं गाव लागलं. थांब्यावर बस उभी होती. जावई तिच्याकडे बघतच राहिला.

"बुटाची नाडी सुटलीय हो," सासरे म्हणाले. "गुडघा वाकत नाही."

तो खाली बसला. बांधून उठेपर्यंत बस निघून गेली होती.

"सहा महिने थांबा," सासरे दुसरीकडे बघत म्हणाले. "नव्या माणसाला शिकवावं लागेल."

"दोन," जावई म्हणाला.

सासऱ्यांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. काठी टेकत ते चालू लागले. अजून सात दिवस होते.