वॉलरसच्या खापरपणजोबाचा जबडा

माझी नऊ वर्षांची मुलगी मृदुला शाळेत वॉलरसच्या पूर्वजांवर बोलणार होती. त्यांतल्या सगळ्यात जुन्यांना म्हणे लांब सुळेच नव्हते. "मग तो कसला डोंबलाचा वॉलरस?" मी म्हणालो. तिने माझ्याकडे दयेने पाहिलं.

हेगजवळच्या किनाऱ्यावर समुद्राच्या तळाची वाळू आणून टाकली आहे. तिच्यात जुनी हाडं सापडतात, म्हणून आम्ही दोघं आमच्या हूफडॉर्प गावाहून तिकडे गेलो. वाटेत पाटी होती: ड्रेइफझांड. झांड म्हणजे वाळू. ड्रेइफ म्हणजे ड्राइव्ह असणार. वाळूत गाडी घालू नका, असा अर्थ मी लावला. डचच्या बाबतीत मी अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला माणूस. आम्ही तर बसने आलो होतो.

"बाबा, लुक, अ जॉ!" ओल्या वाळूतून काहीतरी तपकिरी डोकावत होतं. मृदुला धावली आणि गुडघ्यांपर्यंत आत गेली. मी तिच्याकडे झेपावलो, तर थेट कमरेपर्यंत रुतलो. पाय ओढला की वाळू आणखी घट्ट धरायची. ड्रेइफझांड म्हणजे माणसाला रुतवणारी वाळू, हे तेव्हा उमगलं. फोन खिशात, म्हणजे वाळूतच. भरती चढत होती आणि किनाऱ्यावर चिटपाखरू नव्हतं.

तेवढ्यात मृदुला पाठीवर पडली. वाटलं, गेली पोरगी. "ऊठ, उभी राहा आधी," मी ओरडलो. तिने ऐकलं नाही. पडल्यापडल्या पाय हळूहळू हलवत राहिली. एक पाय सुटला, मग दुसरा, आणि पोटावर सरपटत ती कोरड्या वाळूवर पोचली. मला रडूच फुटलं.

"बाबा, लाय डाउन. यू टू."

मला आडवं होता येईना. लाटेचं पाणी कमरेभोवती फिरत होतं. पडलो तर नाकातोंडात जाईल, एवढंच डोक्यात. इतका मी आयुष्यात कधी घाबरलो नव्हतो.

"तू जा, कोणाला तरी बोलाव."

"देअर इज नो वन."

असं म्हणून ती पोटावर झोपली आणि परत माझ्याकडे सरपटू लागली.

"मागे फिर, मृदुला." माझा आवाज फाटला. ती हात पुढे करून येतच राहिली. आता तिच्याखालचीही वाळू थरथरत होती.

मी डोळे मिटले आणि मागे पडलो. गार पाणी कानांत शिरलं.

"थांबलीस का?"

"हो. आता पाय हलव. हळू."