दुसऱ्याचा पाहुणा

"भगवंतरावलेच हाका मारून राहिला थो," कानावरचे हेडफोन दाबून धरत किसनराव म्हणाले. "जावा बेटावरचा मानूस."

त्यांच्या पत्नी वच्छलाबाईंनी नोंदवहीतून मान वर केली. "मंग भगवंतराव कुठी हायेत?"

तेच तर कळत नव्हते. १९३८च्या हिवाळ्यातली हौशी बिनतारीवाल्यांची ती स्पर्धा साडेसहाला संपायची होती आणि अकरा मिनिटे उरली होती. अकोल्याचे किसनराव आणि अमरावतीचे भगवंतराव बरोबरीत होते. ज्याच्या बोलण्यांच्या नोंदी जास्त, तो पहिला; आणि एकाच माणसाशी दुसऱ्या लहरीपट्ट्यावर, म्हणजे वीसऐवजी चाळीस मीटरवर, पुन्हा बोलणे झाले, की त्याची वेगळी नोंद धरली जाई. भगवंतरावांनी जावावाल्याला वीस मीटरवर गाठून चाळीसवर यायची विनंती केली असणार. तो बिचारा सांगितल्या जागी आला, बोलावणाराच बेपत्ता.

अशा पाहुण्याने पाच मिनिटे वाट पाहायची, मग खुशाल जायचे. आणि ज्याने त्याला आणले त्याचे होईपर्यंत दुसऱ्या कुणी त्याला हाक मारायची नाही. हे कुठे छापलेले नव्हते, त्यामुळे मोडले तर शिक्षाही नव्हती.

किसनरावांची बोटे मोर्सच्या खटक्यावर होती. बावीस वर्षे ते कापसाची सरकी काढणाऱ्या जिनात फिटर होते, आणि जिनाच्या हजेरीबुकाखेरीज त्यांचे नाव कुठे लिहिले गेले नव्हते. पहिला येईल त्याचे नाव बिनतारीवाल्यांच्या संघाच्या मासिकात छापून येणार होते. त्यांना ते फार हवे होते. या वयात असले काही हवेसे वाटण्याची त्यांना लाज वाटे, पण हवे होते हे खरे.

"पाच मिन्टं झाले," वच्छलाबाई म्हणाल्या. "आता थो जाईन. घेऊन टाका ना तुमी. कोन पाह्यते?"

जावावाल्याने निरोपाची अक्षरे सुरू केली. किसनरावांनी खटका दाबला. आपली ओळखखूण दिली आणि कळवले, थांबा, भगवंतराव येताहेत.

तुम्हाला नोंद हवी का, त्याने विचारले.

त्यांच्यानंतर, किसनरावांनी कळवले.

चार मिनिटांनी भगवंतरावांचा घाईतला, अडखळता खटका ऐकू आला. त्यांनी एकेक आकडा दोनदा पाठवला. त्यांचे जेमतेम वेळेत आटोपले, पण किसनराव हाक मारू लागले, तेव्हा साडेसहा वाजून गेले होते. वच्छलाबाईंनी वही मिटली.

पुढच्या रविवारी भगवंतराव बागेतली संत्री घेऊन आले.

"चाळीसवर याले कॉइल बदलाले गेलो अन् पिनच वाकली. मले वाटलं, गेला असन थो. पन लय सज्जन मानूस, नऊ मिन्टं थांबला माह्यासाठी. तुमाले नाई आयकू आला काय?"

वच्छलाबाई बोलायला गेल्या. किसनरावांनी त्यांच्याकडे पाहिले, तशा त्या संत्री उचलून आत गेल्या.

"आला ना," किसनराव म्हणाले. "मले वेळ नाई पुरला."