चौतीस घरांचा पाट

अजितच्या डोक्यात गुरुवारपासून एकच भुंगा होता. माणसं का आली नाहीत?

काठी गावाच्या वरच्या अंगाला त्याचं उताराचं शेत. पावसाळ्यात ज्वारी-उडीद व्हायचा आणि दिवाळी सरली की बिऱ्हाड उचलून गुजरातेत ऊसतोडीला जायचं, ही पाच वर्षांची रीत. बायको सोनम संगतीला, आणि दुसरीतली रुपाही. पोरगी दरवर्षी अर्धी शाळा शिकायची आणि उसाच्या फडात ती विसरून यायची. यंदा मात्र नवराबायकोनं ठरवलं होतं, जायचं नाही. नाल्याला होळीपर्यंत पाणी असतं. डोंगराच्या कडेनं पाट खणून ते शेतात आणलं, तर गहू-हरभरा निघेल आणि रुपाची शाळा सुटणार नाही. पण एवढा पाट दोघांच्या हातचा नव्हे, आणि सोमवारी मुकादम हिलालची गाडी येणार होती.

हिलाल शहाद्याकडचा, बोलायला रोखठोक. "सोमवारले गाडी येई ऱ्हायनी. पाट व्हयना नही ते गुपचूप बठी जाजो," असं बजावून गेला होता.

म्हणून अजित घरोघर फिरला. उसात मिळतो तेवढाच रोज देतो, तोही रोख, म्हणाला. लोकांना फुकट राबवून घेणं त्याला पटत नव्हतं. सगळे "बघू" म्हणाले. गुरुवारी सकाळी कुदळ घेऊन तो नाल्यावर उभा राहिला, तर दुपारपर्यंत सोबतीला एक बगळा तेवढा आला.

आता हीच माणसं याच रोजासाठी गाडीत कोंबून घेऊन परमुलखात जातात! मग माशी शिंकली कुठे? भांडण म्हणावं तर कुणाशी नव्हतं. आईला विचारलं, तर फुलवंताबाई उडीद पाखडता पाखडता नुसती हसली आणि त्याला जामसिंगबाबाकडे जायला सांगितलं. म्हाताऱ्यानं आयुष्यात तीन पाट काढले होते.

जामसिंगबाबानं त्याला आधी बसवलं, पाणी दिलं. मग शांतपणे म्हणाला, "तुझा रोज घेतला, की संध्याकाळी तुझं-माझं संपलं. उद्या माझा बांध फुटला, तर तू कशाला येशील?"

लहानपणी अजितनं लाह पाहिली होती. ज्याचं काम अडलं त्यानं हाक द्यायची, घरटी एक माणूस कामाला येणार, यजमानानं पोटभर जेवू घालायचं आणि मग प्रत्येकाच्या हाकेला आपण जायचं. फडात राहून राहून त्याला ते भीक मागण्यासारखं वाटू लागलं होतं. पैसे पुढे करून आपण गावाला परकं केलं, हे आता कुठे त्याच्या ध्यानात आलं. त्याला मनापासून लाज वाटली. उठला तो थेट पहिल्या घरी गेला आणि रोजाचं नावही न काढता लाहेला बोलावून आला.

शनिवारी चौतीस घरांतून चौतीस माणसं आली. सोनमनं मोठ्या पातेल्यात उडदाची डाळ शिजवली. जामसिंगबाबाकडे ना दोरी, ना फूटपट्टी. थोडं पाणी सोडायचं, ते जिथे थांबेल तिथे खणायचं, की पाणी पुढे सरकायचं. अजित त्याच्या मागे मागे फिरत शाळकरी पोरासारखे प्रश्न विचारत होता. खालून पाहिलं की पाणी डोंगर चढतंय असंच वाटे, आणि ते तसं का वाटतं हे बाबालाही सांगता येईना. रविवारी दुपारी पाणी शेतात शिरलं. रुपानं वरून सोडलेलं सागाचं पान पाण्याबरोबर वाहत खाली आलं.

सोमवारी हिलाल गाडी खाली ठेवून स्वतः वर आला. अजित स्वतःच्या शेतात नव्हताच. तो जामसिंगबाबाच्या बांधावर दगड रचत होता.

"तुन्हा पाट ते व्हयना. मंग आठे काय करी ऱ्हायना? रोज किती?"

"रोज नाही, हिलालभाऊ. अजून तेहेतीस घरी जायचंय, मला गाडीत बसायला सवड कुठली?"

हिलालनं डोकं खाजवलं. बरं, हे साल राहू दे, पुढच्या सालाचं काय, असं त्यानं विचारलं.

अजितनं हातातला दगड नीट बसवला. "तोवर आणखी कुणीतरी पाट काढायला हाक देईलच," तो म्हणाला.