न सुटणारी शाळा

कैनात बोलायची बंद झाली ती फक्त शाळेत. घरी तिची बडबड चालूच होती. मांजराशी, आजीशी, बाप दुकानातून आला की बापाशी. त्यामुळे इंग्रजी शाळेतल्या बाईंनी तिच्या आईला, अफशाला, बोलावून "मुलीला डॉक्टरला दाखवा," असं सांगितलं, तेव्हा अफशाला वाटलं, या दुसऱ्याच कुणाच्या मुलीबद्दल बोलतायत.

मग एकेक गोष्ट कळत गेली. तिसरीच्या वर्गात बाईंनी इंग्रजीत विचारलं होतं, तुझं पुस्तक कुठंय? कैनात पटकन मालवणीत म्हणाली होती, "घरी रवला, टीचर." सगळा वर्ग हसला. बाईही हसल्या. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, पण त्या दिवसापासून कैनातने वर्गात तोंड उघडलं नाही. कुडाळच्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, गळा ठीक, कान ठीक, पोर घाबरलीय. घाई करू नका.

दिवाळीच्या सुट्टीनंतर अफशाने तिला शाळेत पाठवलंच नाही. तिने नवऱ्याला सांगितलं, "मी घरी शिकवतंय तेका. माजा बी.कॉम. कदी कामाक येतला?"

नुरुद्दीनचं मालवण बंदराजवळ जाळ्यांचं आणि दोरांचं दुकान होतं. माणूस कमी बोलणारा. त्याने बराच वेळ विचार केला आणि म्हणाला, "शिकव. पन काय शिकवतलंस ता ठरव आधी. वाऱ्यावर नको."

ठरवणं सोपं नव्हतं. त्याची बहीण सलमा कुवेतला असायची. तिच्या शेजारणीची मुलं एक परदेशी अभ्यासक्रम घरीच शिकत होती. सलमाने तो फोनवर पाठवला आणि अफशाने बाजारात जाऊन त्याचे गठ्ठेच्या गठ्ठे छापून आणले. पहिल्याच धड्यात झाडांची पानं लाल होऊन गळत होती आणि मुलं बर्फाचा माणूस करत होती. कैनातने चित्र नीट बघितलं आणि विचारलं, "ह्या खंयच्या मयन्यात येता?" अफशाला सांगता येईना. आठवडाभर दोघी त्या बर्फात चालत राहिल्या, मग गठ्ठा कपाटावर गेला.

त्यानंतर मोबाइलवरचे वर्ग झाले. शिकवणारी ताई सारखी हसायची आणि सारखी "सुपर" म्हणायची. कैनातला त्यात एकच गोष्ट आवडली, म्यूटचं बटण. ते दाबून ती तासभर शहाण्यासारखी बसायची आणि नंतर विचारलं तर काही सांगायची नाही.

शेवटी अफशाने सरकारी मंडळाची पुस्तकं आणली, पण इंग्रजी माध्यमाची. तिसरी वाया जाऊ द्यायची नाही, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं. भिंतीवर वेळापत्रक लागलं. सकाळी गणित, मग इंग्रजी, मग परिसर. भाकरी थापताना पाढे, जेवताना स्पेलिंग, नमाजानंतर पुन्हा गणित. सासू एकदा म्हणाली, "पोराक जरा श्वास घेवक दी." अफशाने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. सगळी आळी बघत होती. भेटेल ती बाई विचारायची, "काय गो, पोर अजून घराकच?" पोरीला घरी ठेवून बिघडवलं, हे ऐकायची तिची तयारी नव्हती.

आणि एके सकाळी कैनात टेबलाशीही गप्प झाली.

अफशा साताचा पाढा विचारत होती. कैनात पाढा येत असूनही पेन्सिलकडे बघत बसली. अफशाने पुन्हा विचारलं. मग पुन्हा. मग तिचा आवाज चढला, "तोंड नाय काय तुका?"

कैनातने मान खाली घातली. ती रडली नाही, हललीही नाही. अफशाने तिच्याकडे बघितलं आणि हातातलं पुस्तक मिटलं. शाळेतल्या बाईंनी नक्की हेच वर्णन केलं होतं. अशीच बसते, बघा.

नुरुद्दीन दुकानाची किल्ली विसरला म्हणून परत आला होता आणि दारातच थांबला होता. त्याने किल्ली घेतली. जाताना एवढंच म्हणाला, "शाळेतसून काढून घरात हाडलंव. आता घरातसून काढून खंय न्हेवचा तेका?"

त्या दिवशी अफशाने पुस्तकं उघडली नाहीत. दुपारभर ती कपड्यांच्या घड्या करत राहिली, घातलेल्या घड्या पुन्हा मोडत राहिली.

दोनतीन दिवसांनी नुरुद्दीननेच एक बातमी आणली. धामापूरचे सत्यवान त्याच्या दुकानात दोर घ्यायला यायचे. मुंबईची नोकरी सोडून ते गावी काजूची बाग बघायला आले होते आणि त्यांची बायको किशोरी मुलाला घरीच शिकवत होती. "जावन बगून ये," नुरुद्दीन म्हणाला. "दोन गोष्टी कळतीत."

अफशा कैनातला स्कूटरवर मागे बसवून गेली. किशोरीचं घर बघून तिचा जीव आणखीच लहान झाला. भिंतीवर नकाशे, खिडकीत रुजवलेल्या बिया, त्यांच्यावर नावांच्या चिठ्ठ्या, टेबलावर आठवड्याचा आखीव बेत. किशोरी मूळची नाशिकची, बोलणं पुस्तकासारखं स्वच्छ. तिचा कौस्तुभ दहा वर्षांचा होता. त्याने कैनातकडे बघून "काजू दाखवू?" असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता चालू लागला. कैनात त्याच्या मागे गेली.

दोघी बायका स्वयंपाकघरात चहा पीत बसल्या. किशोरी तिची पद्धत समजावून सांगत होती, अफशा मान डोलावत होती. खिडकीखालीच मुलं काजूचे बोंडू वेचत होती.

कौस्तुभचा आवाज आला. "तुझी शाळा किती वाजता सुटते?"

अफशाने कप तोंडाशी नेला होता, तो तिथंच राहिला. तिला खिडकीतून ओरडून मुलीच्या वतीने उत्तर द्यावंसं वाटलं.

मग कैनात बोलली. परक्या मुलाशी, सरळ. "सुटनाच नाय. अम्मी जेवताना पन इचारता."

"माझी पण नाही सुटत," कौस्तुभ म्हणाला. "आम्ही तळ्यावर फिरायला गेलो ना, तरी आई पाखरं मोजायला लावते. शाळेतल्या बाई संध्याकाळी आपल्या घरी तरी जातात."

"माजी घराकच आसता," कैनात म्हणाली, आणि दोघं हसली.

किशोरी आधी कसनुशी हसली. मग तिने कप खाली ठेवला आणि पदराने डोळे टिपले. "तो महिनाभर मागे लागलाय," ती हळूच म्हणाली. "गावच्या शाळेत घाल म्हणतो. मी नोकरी सोडली यासाठी. सगळ्यांना सांगून बसले, बघा कसं शिकवते. आता कुठल्या तोंडाने घालू?"

घरात शिरल्यापासून अफशाला या बाईचा हेवा वाटत होता. तो आता कुठच्या कुठे गेला. "ताई, माजी तर माज्यासमोरपन मुकी झाली," ती म्हणाली, आणि साताच्या पाढ्याची गोष्ट तिने पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितली.

मुलं आत आली. किशोरीने सवयीने कौस्तुभची इंग्रजीची वही ओढली. निबंध अर्धाच होता, त्यातही चुका. तिच्या कपाळावर आठी चढली. अफशाने हात पुढे केला. "मी बघू?"

तिने कौस्तुभला जवळ बसवलं. एक वाक्य चुकलं, तिने दुसऱ्यांदा सांगितलं. पुन्हा चुकलं, तिने तिसऱ्यांदा सांगितलं, मधे काजूची चौकशीही केली. मुलाने निबंध पुरा केला. एवढा धीर आपल्यात होता कुठे, याचं अफशालाच नवल वाटलं. आपल्या पोरीच्या एका चुकीला तिचं काळीज धडधडायचं, आणि या मुलाच्या चुका नुसत्या चुका होत्या.

हे किशोरीच्याही लक्षात आलं. "तुमची मी घेते," ती म्हणाली. "माझा तुम्ही घ्या."

तसं ठरलं. मंगळवारी आणि शुक्रवारी अफशा धामापूरला जायची. पडवीत ती कौस्तुभला इंग्रजी शिकवायची आणि आत किशोरी कैनातला गणित आणि मराठी. सुरुवातीला कैनात किशोरीशी एक शब्द बोलली नाही. किशोरीनेही विचारलं नाही. ती आपली बोलत राहायची, मधेमधे एखादा मालवणी शब्द घालायची आणि चुकायची. एकदा अंगणात बोट दाखवून म्हणाली, "ती बघ खार." कैनातला राहवलं नाही. "चानी म्हनतत तेका." किशोरीने तो शब्द दोनदा घोळवला, दोन्हीदा वेडावाकडा. तिला नीट म्हणायला शिकवण्यात कैनातची सगळी सकाळ गेली. गणित त्या दिवशी झालंच नाही.

मधेच वाईट दिवसही आले. एका शुक्रवारी कैनात पुन्हा गप्प बसली आणि का, ते कुणालाच कळलं नाही. पण आता घरी पुस्तकं दुपारच्या जेवणाआधी मिटायची आणि मग ती कुणी काढायची नाहीत. पहिले काही दिवस अफशाला जेवताना काय बोलायचं तेच सुचेना. नुरुद्दीन हसून म्हणाला, "माशाचा बोल."

अभ्यासक्रमाचं कोडं कैनातनेच सोडवलं. किशोरीकडची मराठी पुस्तकं तिला वाचता येत होती. तिने अफशाला सांगितलं, "ह्या पुस्तकात आपल्यासारखा बोलतत. थोडा येगळा, पन कळता." अफशाने इंग्रजी माध्यमाची पुस्तकं बाजूला ठेवली आणि मराठीची आणली. सलमाने कुवेतहून फोन केला. "मराठीतसून शिकून पुढे काय करतला ता?"

"बोलतला," अफशा म्हणाली. "आधी बोलांदे. इंग्रजी मी शिकवतंय हा."

सलमाला ते पटलं नाही. अफशाने वादही घातला नाही.

जूनमध्ये किशोरीने कौस्तुभला गावच्या शाळेत घालायचं ठरवलं. त्यासाठी तिला बरंच झगडावं लागलं, जास्त करून स्वतःशीच. प्रवेशाच्या दिवशी तिने अफशाला सोबत बोलावलं, एकटीने जायला नको म्हणून. चौघं गेली. मुख्याध्यापक गणपत गुरुजी वयस्कर होते, चष्मा कपाळावर सरकवलेला. कौस्तुभचं काम आटोपलं आणि त्यांनी कैनातकडे बघितलं. "तुजा नाव काय गो?"

अफशाच्या ओठांवर उत्तर आलं होतं. तिने ते गिळलं.

"कैनात," कैनात म्हणाली. आवाज बारीक होता, पण होता.

"खंय रवतंस?"

"मालवणात. बंदराकडे."

"तडे पन आमच्यासारखीच शाळा आसा. जातलंस?"

कैनातने विचार केला. घाई नव्हती, गुरुजींनाही नव्हती. मग ती म्हणाली, "आता नाय. आधी ह्याका जावंदे. मगे ह्यो माका सांगतलो, कसा आसता ता."

गुरुजी मोठ्याने हसले. "बरोबर आसा," ते म्हणाले, आणि तिच्यासाठी टेबलावरची गोळी पुढे केली.

परतताना वळणावर किशोरीने अफशाचा हात धरला. "मंगळवार-शुक्रवार सोडायचा नाही हं. तो शाळेत गेला तरी तुम्ही या."

"येव ना," अफशा म्हणाली. "तुमका अजून चानी म्हणूक येवक नाय."

पहिल्या रविवारी कौस्तुभ बापाबरोबर मालवणला आला. कैनातने त्याला दुकानाच्या पायरीवर बसवून खोदखोदून विचारलं. बाई ओरडतात काय, पोरं हसतात काय, चुकलं तर काय करतात, किती वाजता सुटते. त्याने सगळं सांगितलं, काही चांगलं, काही नाही. एक मुलगा त्याला 'मुंबयकर' म्हणून चिडवत होता आणि त्याच्याशीच तो आता डबा खात होता.

संध्याकाळी जेवताना कैनात म्हणाली, "गणपतीची सुट्टी झाल्यार मी एक दिवस शाळेत जावन बगतंय. बरा वाटला तर परत जायन."

नुरुद्दीनने बायकोकडे बघितलं. अफशाला शंभर प्रश्न विचारायचे होते. तिने भाताचं भांडं पुढे सरकवलं. "आमटी वाढू गो तुका?" तिने विचारलं.