खाडाखोडीचं दरपत्रक

डांबरशेठचं अक्षर म्हणजे निव्वळ कोंबडीचे पाय! रस्ता कसा गुळगुळीत करायचा, हे या माणसाकडून शिकावं, पण त्याच्या हातात पेन म्हणून देऊ नये.

सात वर्षांपूर्वी अकरा कंत्राटदारांनी रस्ते आणि पदपथांच्या कामासाठी दरपत्रकं दिली, तेव्हा सगळ्यांनी शेवटी कराची एक ओळ घातली होती. खात्याच्या साहेबाने प्रत्येकाच्या त्या ओळीवर लाल रेघ मारली, 'कर लागू नाही, वगळा' असं लिहून सही ठोकली आणि नवीन पत्रक मागितलं. दहा जणांनी मुकाट्याने सुवाच्य अक्षरात नवीन पत्रक दिलं आणि जुनं तिथेच सोडलं. डांबरशेठ म्हणाला, "एकदा लिहितानाच घाम फुटला, परत लिहायला मला काय वेड लागलंय?" साहेबाने कपाळाला हात लावला आणि तोच खाडाखोडीचा कागद मंजूर करून त्याची प्रत त्याच्या हातात दिली.

आणि यंदा सरकारने कायदाच फिरवला, तोही मागच्या तारखेपासून! सात वर्षांचा कर भरा, नाहीतर यंत्रं जप्त. नोटीस वाचून त्या अकरांपैकीच एक असलेल्या, पदपथावर फरश्या बसवणाऱ्या त्याच्या मेहुण्याच्या तोंडचं पाणी पळालं. डांबरशेठ उसळला, "सामना संपल्यावर नियम बदलतात काय रे हे? चला कोर्टात!" अकराही जण एकत्र गेले.

कोर्टात सरकारी वकील ऐटीत म्हणाले, "यांनी स्वतःहून दरात कर धरला नाही. चूक यांची." पुरावा म्हणून त्यांनी दहा स्वच्छ पत्रकं दाखवली. त्यावर कंत्राटदारांच्या वकीलबाईंनी शांतपणे डांबरशेठचा कागद पुढे केला. न्यायाधीशांनी चष्मा पुसून तो दोनदा वाचला आणि सरकारी वकिलांनी लगेच वेळ मागून घेतला.

मधल्या सुट्टीत तेच वकील बाहेर व्हरांड्यात आले. "तुमची नोटीस मागे घेतो, शेठ. फक्त या दाव्यातून नाव काढा."

"आणि बाकीचे?"

"त्यांच्याकडे कुठे असा कागद आहे?"

मेहुण्याने डांबरशेठला बाजूला ओढलं. त्याचे डोळे भरून आले होते. "भावजी, घ्या सुटका. माझ्यापायी ताईच्या संसारावर जप्ती नको. तुमचा कागद दाव्यात राहिला, तरी एका कागदावर अकरा जणांचा दावा उभा राहत नाही म्हणतील आणि आपण सगळेच बुडू."

"गप रे! माझ्या घरातली भांडी मोजायला तुला कोणी सांगितलं?" डांबरशेठ खेकसला खरा, पण लगेच फोन काढून व्हरांड्याच्या टोकाला गेला.

सुट्टी संपल्यावर सरकारी वकिलांनी तोच प्रस्ताव कोर्टापुढे मांडला, तेव्हा न्यायाधीशांनी डांबरशेठला विचारलं, "तुम्ही बाहेर पडताय का?"

डांबरशेठ उठला. "नाही साहेब. लाल रेघ सगळ्यांच्याच कागदावर मारली होती. हे दहा जण शहाण्यासारखे वागले, सांगितलं तसं नीट लिहून दिलं. त्यांचे जुने कागद ऑफिसात असतील, ते मागवा. नसतील तर माझंही यांच्याबरोबर जे व्हायचं ते होऊ दे."

न्यायाधीशांनी खात्याला दहा दिवसांची मुदत दिली. नवव्या दिवशी फाईल आली. धूळ झटकून एकेक पत्रक निघालं, प्रत्येकावर तीच लाल रेघ आणि तीच सही. खात्याने स्वतःच वगळायला लावलेला कर आता मागता येणार नाही, असं म्हणत न्यायाधीशांनी अकराही नोटिसा रद्द केल्या.

पायऱ्या उतरताना मेहुण्याने विचारलं, "भावजी, ते कागद ऑफिसात असतीलच, असं तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"कुणीच नाही. रद्दीत गेले असते तर संपलोच होतो."

"अहो, मग एवढा जुगार? ताईला काय सांगितलं असतंत?"

"तिला त्या दिवशी सुट्टीतच फोन करून विचारलं होतं. म्हणाली, रोलर गेला तर परत घेऊ. भावाला एकटं टाकून आलात तर मात्र घरी येऊ नका."